दोघी न्यागुथींची पाठ

करातिना,
२ फेब्रुवारी १९८६

प्रिय गाथोनी वहिनी,

चहा, साखर आणि आईचा स्वेटर बसच्या कंडक्टरने नीट पोचवला. स्वेटर आईला छान होतो, म्हणजे डावीकडून. उजवीकडून चार बोटं वर जातो. पण तिच्या अंगावर आजवर कुठलं कापड सरळ बसलंय, सांग. ती म्हणते, सुनेने विणलाय म्हणजे सुनेचाच दोष.

आता तुझ्या लेकीची बातमी. न्यागुथीला आजीकडे ठेवलंस त्याला आता सव्वा वर्ष होईल. वर्गात अकरावा नंबर आला. इंग्रजीत थोडी मागे आहे, पण ती तुझी देणगी. उंची मात्र अशी वाढलीय की वर्षापूर्वीचा गणवेश गुडघ्याच्या वर गेला. मी खालची पट्टी उसवून सोडली, तर एक बाजू लांब आणि एक आखूड. मी कापड धरून शिंप्याला शिव्या द्यायला निघाले होते. मग तिला उभी करून पाहिलं. वहिनी, शिंपी बिचारा निर्दोष आहे. पोरगी हुबेहूब आईसारखी उभी राहते. उजवा खांदा वर आणि सगळा भार डाव्या पायावर. पाण्याचा कॅन पाठीवर घेऊन नदीवरून चढ चढते तेव्हा मागून बघणाऱ्याला कळत नाही की आजी येतेय की नात.

गुरुवारच्या बाजारात रताळी विकणाऱ्या बायकांनी तिला घेरलं. म्हणाल्या, आजीचं नाव दिलं तर आजी येतेच परत, ही तर म्हातारी जिवंत असतानाच आली. तिला उसाची दोन कांडी फुकट मिळाली. आई दिवसभर हसत होती. मला म्हणाली, "मी मेले तरी घरात कुणाला चुकल्यासारखं वाटणार नाही."

ये एकदा बघायला. आणि येताना तुझा भाऊ तरी आण, लाकडं वाहायला. तुझ्या वडिलांनंतर आमच्या घरी कुणी व्याही लाकडं वाहायला आला नाही.

तुझी नणंद,
वारिगिया


नाकुरु,
२३ फेब्रुवारी १९८६

प्रिय वारिगिया,

तुझं पत्र मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एवढी हसले की शेजारची बाई माझ्या डब्यात काय आहे ते बघायला आली. संध्याकाळी तुझ्या भावाला, किरागुला वाचून दाखवलं. तो दोनदा म्हणाला, तो खांद्याचा भाग परत वाच. रात्री जेवताना स्वतःच उठून चालून दाखवलं, आई कशी चालते ते. मुलं हसून लोळली.

मी मात्र मेले. सासूचं नाव लेकीला ठेवल्यामुळे इतकी वर्षं तिला नीट रागवता आलं नाही. "न्यागुथी, भांडी घास" म्हटलं की किरागु डोळे वटारणार, माझ्या आईला कामाला लावतेस म्हणून. आता चालही तीच आली, म्हणजे तिच्यापुढे मला उठून उभंच राहायला हवं.

माझ्या वडिलांच्या लाकडांवरून अजून किती वर्षं चिडवणार आहेस? लग्नाआधी तुमचं घर बघायला आले, तुझी आई लाकडं घेऊन चढावर दिसली, त्यांनी भारा काढून घेतला आणि भाऱ्याचा पट्टा बायकांसारखा स्वतःच्या कपाळाला लावून वर आणला. चर्चचा वडीलधारा माणूस, तोही कोट घातलेला. सगळी पुरुषमंडळी हसली म्हणे, बाईचं ओझं घेतलं म्हणून. मला तर त्याचा अभिमान आहे. असा माणूस तुमच्या अख्ख्या टेकडीवर एक दाखव.

धाकट्या कारिथीला माझ्या वडिलांचं नाव दिलं त्याचं मला अजून बरं वाटतं. तो परवा विचारत होता, आजीची पाठ अजून गरम आहे का. दोन वर्षं तिच्या पाठीवर बांधलेला असायचा, त्याला तेवढंच आठवतं.

एकच सांग. पोरीला दुखत तर नाही ना?

तुझी,
गाथोनी


करातिना,
१८ मे १९८६

प्रिय वहिनी,

दुखत नाही. मी तेव्हाच विचारलं होतं, पण पत्र टाकायचं राहिलं. कॉफीच्या तोडणीत कुणाला हात रिकामा होता?

आता जे झालं ते सांगते आणि तू किरागुला जपून सांग. शाळेत खेळाच्या नव्या बाई आल्यात, मिस आकेयो. आपल्यातल्या नाहीत, पश्चिमेच्या मोठ्या सरोवराकडच्या. उंच, पायात बूट, गळ्यात शिट्टी. त्यांनी मुलींची पाठ तपासायचं खूळ काढलंय. बाकावर पालथं झोपायचं, कमरेच्या वरचं अंग बाहेर अधांतरी, दोघींनी पाय धरायचे आणि बाई मोजणार, किती वेळ अंग तोलून धरता येतं ते. मग एका कुशीवर तसंच, मग दुसऱ्या. मुलींना खेळच झाला. पालथ्या अंगाने आपली न्यागुथी वर्गात तिसरी आली. उजवी बाजू वर करून बावन्न आकडे टिकली. डावी बाजू वर केली आणि अकराला कोसळली. बाईंना वाटलं पोरगी थट्टा करतेय. परत करायला लावलं. परत अकरा.

मग तिला ओणवी उभी करून तिच्या पाठीवर आडवी फूटपट्टी ठेवली. पट्टी एका बाजूला कलली. बाईंनी मला बोलावून घेतलं. मी हातातली टोपली टाकून गेले, वाटलं पोरीने काय चोरलं की काय.

त्या म्हणाल्या, "पाठकण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू सारख्या जोराचे हवेत. खांबाला दोन बाजूंनी दोर असतात ना, तसं. हिचा एक दोर ताठ आहे, एक सैल. आणि खांबही वळायला लागलाय असं मला वाटतं."

मी म्हटलं, "बाई, ही तिची आजी आहे. नाव आजीचं आहे, चाल आजीची आहे. आजीने त्याच पाठीवर पाच मुलं आणि अर्धं जंगल वाहिलंय."

तर म्हणतात, "असेल. पण आजीची पाठ कधी कुणी तपासली होती का?"

वहिनी, माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुमच्याकडे आजीची तपासणी करतात वाटतं, आमच्याकडे मान देतात." त्या चिडल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. मिशन हॉस्पिटलसाठी चिठ्ठी दिली. म्हणाल्या, पोरगी अजून वाढतेय, वाढ थांबली की फार काही करता येत नाही. घाई करा. चिठ्ठीवर आईबापाची सही हवी. ती सोबत पाठवतेय. सही कर असं मी म्हणत नाही, करू नको असंही म्हणत नाही. मला राग आलाय एवढंच कळतंय.

न्यागुथी आता घरी रोज बाकावर झोपून मोजते. काल बारा झाले.

वारिगिया


नाकुरु,
९ जून १९८६

प्रिय वारिगिया,

किरागुने चिठ्ठी वाचली आणि घडी करून दिव्याखाली ठेवली. म्हणाला, "माझी आई आजारी आहे असं कुणी परक्या बाईने ठरवायचं का?" मी म्हटलं, आईला नाही, मुलीला म्हणतायत. तो म्हणाला, तेच ते.

मलाही राग आला होता, खरं सांगते. राग आला तेव्हा बरं वाटलं. त्याआधी दोन दिवस मला ते अकरा आणि बावन्न सुचू देत नव्हते. कारखान्यात कीटकनाशकाच्या फुलांची पोती उचलताना मी स्वतः मोजायला लागले, उजवीकडे किती, डावीकडे किती. माझ्या दोन्ही बाजू सारख्याच दमतात.

मला एक मार्ग सुचलाय. आईंना विचार, त्यांची पाठ कुठल्या वर्षी अशी झाली. त्या नेहमी म्हणतात, जन्मापासून. पण तान्ह्या बाळाची पाठ कोण बघतं? तेराव्या-चौदाव्या वर्षी दिसायला लागली असेल तर मी मिस आकेयोंना तसं व्यवस्थित लिहीन, की आमच्या घरात हे या वयात येतं आणि माणूस साठीपर्यंत लाकडं वाहतो. मग विषय संपेल आणि किरागुही शांत होईल.

नीट विचार. वर्ष कळलं पाहिजे.

तुझी,
गाथोनी


करातिना,
६ जुलै १९८६

वहिनी,

हे पत्र किरागुला वाचून दाखवू नकोस. आधी तू एकटी वाच, दार लावून.

तुझा प्रश्न मी आईला विचारला. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "जन्मापासून, सांगितलंय ना." मी म्हटलं, गाथोनीला शाळेत लिहायचंय, न्यागुथीची पाठ तुझ्यावर गेलीय म्हणून हॉस्पिटलची गरज नाही. आईचे हात थांबले. म्हणाली, "कुठलं हॉस्पिटल?" तोपर्यंत मी तिला बाईंचं काहीच सांगितलं नव्हतं, अपमान वाटेल म्हणून. सगळं सांगितलं.

तिने न्यागुथीला हाक मारली, ब्लाउज काढायला लावला आणि पाठीवरून हात फिरवला. पोरगी मोठी झाल्यापासून एकटी अंघोळ करते, तिची उघडी पाठ आमच्यापैकी कुणी पाहिलीच नव्हती. वहिनी, उजव्या खांद्याखाली फासळ्यांचा उंचवटा आहे, माझ्या मुठीएवढा. कण्यावरून बोट फिरवलं तर ते वळत वळत जातं. आईने बोट दोनदा फिरवलं. मग माझा हात धरून स्वतःच्या झग्याखाली नेला, डावीकडे कमरेच्या वर. तिथे खड्डा आहे. हाड आत गेलेलं आहे. चौतीस वर्षांची झाले मी, या बाईबरोबर एका खाटेवर झोपते, आणि मला माहीत नव्हतं.

"ही माझी पाठ नाही," ती म्हणाली. एवढंच. दोन दिवस पेजसुद्धा घेतली नाही. आज सकाळी म्हणाली, वही आण आणि मी बोलते तसं लिही, मध्ये रडायचं नाही. पुढचं तिचं आहे.

"गाथोनी, माझे बाई. मी जन्माला आले तेव्हा सरळ होते. पंचविशीपर्यंत सरळ होते. नाचायला लागले की माझ्या बापाच्या टेकडीवर माझ्यासारखी ताठ पोरगी नव्हती, विचार कुणालाही, म्हणजे कुणी जिवंत असेल तर.

गोऱ्यांनी आणीबाणी लावली, तेव्हा आम्हाला घरांतून काढून एका कुंपणात कोंबलं. गावाभोवती खंदक खणायला रोज सगळ्या बायका. खाली वाकून खणायचं आणि वर बघायचं नाही. पाठ सरळ केली की रखवालदाराला वाटायचं तू जंगलात लपून गोऱ्यांशी लढणाऱ्या माणसांना खूण करतेस. वारिगिया माझ्या पाठीवर होती. दोन वर्षांची, तापलेली. ती खाली घसरायला लागली म्हणून मी पाठ सरळ केली. तिला वर घेण्यापुरती, बाई, तेवढीच.

वरच्या काठावर रखवालदार उभा होता. आपल्यातलाच, आपलीच भाषा बोलणारा. त्याने बंदूक उलटी धरून उचलली. मी पाहिलं की ती पोरीवर बसणार. म्हणून मी वळले. ती इथे बसली."

इथे मी थांबले, वहिनी. आई म्हणाली, लिही.

"तो तुझा बाप होता, गाथोनी. कारिथी.

तो वाईट होता असं लिहू नकोस, वारिगिया, मी तसं म्हटलं नाही. तो तरुण होता आणि भ्यालेला होता. आम्ही सगळेच भ्यालेले होतो, पण बंदूक त्याच्याकडे होती. पुढे किरागुने मुलगी पसंत केली आणि तिचे वडील घर बघायला आले. मी चढावरून येत होते. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, माझ्या पाठीकडे पाहिलं. ओळखलं त्याने. लाकडं काढून घेताना हळूच म्हणाला, 'पोरीला यातलं काही ठाऊक नाही.' मी म्हटलं, 'मग ठाऊक होऊ देऊ नका.' वर गेल्यावर तुझ्या आत्याने विचारलं, विहीणबाई, पाठीला काय झालं? मी म्हटलं, जन्मापासून आहे. त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. तुझ्याकडे बघून माझ्या पोराचं तोंड कसं उजळलं होतं ते मी पाहिलं होतं.

तेव्हा ते खोटं मला लहान वाटलं. त्या खोट्यावर तुम्ही सगळ्यांनी माझ्या नातीची पाठ सोडून दिलीत, आणि मी बाजारात बसून हसत होते. तिला कुणी मारलेलं नाही. मग ती का वाकतेय? ते मला माहीत नाही, म्हणून भीती वाटते. सही कर. तुझा नवरा नाही म्हणाला तर हे वाचून दाखव. कर सही."

वहिनी, ती मी होते. पाठीवर मी होते.

वारिगिया


मिशन हॉस्पिटल,
२ ऑगस्ट १९८६

आई,

जुलैभर तुम्हाला माझं पत्र नाही. मला लिहिता येत नव्हतं. सही केली ती त्याच दिवशी, पत्र खाली ठेवायच्या आधी. किरागुला विचारलं नाही. नंतर तुमचं बोलणं वाचायला दिलं. तो उठून बाहेर गेला आणि अंगणातली बादली उचलून भिंतीवर मारली. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पोरीला मी घेऊन जाणार, तूही चल."

त्याआधी मी माहेरी जाऊन आले. माझी आई चुलीपाशी बसली होती. मी तुमचं नाव घेतलं आणि म्हटलं, खंदकाचं खरं आहे का? तिने मान वर केली नाही. म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?" नाही म्हणाली नाही, आई. मला लहानपणी सांगितलेलं की बाबा गोऱ्यांच्या तळावर नुसती नावं लिहून घ्यायचे. मी ते तसंच धरून चालले. लाकडांच्या भाऱ्याची गोष्ट मी किती जणांना सांगितलीय, किती मिरवलीय. तुम्ही तिथेच बसून ऐकायचात आणि चहा गाळायचात.

आता न्यागुथीचं. काळ्या फोटोत तिचा कणा दिसला. मला वाटलं फोटो हलला असेल. डॉक्टर म्हणाले, नाही, तो असाच आहे. छत्तीस अंश वळलाय. का वळला ते त्यांनाही सांगता येत नाही, या वयातल्या मुलींना होतं, पाणी वाहिल्याने नाही आणि नावाने तर नाहीच. हाड वळलं की एका बाजूचे स्नायू ताणून बळकट होतात, दुसरीकडचे सुस्तावतात. आकेयोबाईंनी नेमकं तेच मोजलं होतं. दोन वर्षं ती अजून वाढेल. तोवर चामडं आणि लोखंडाच्या पट्ट्यांचा एक साचा अंगात घालायचा, दिवसातले वीस तास. आणि दोन्ही बाजूंचा जोर सारखा करायचे व्यायाम, रोज, न चुकता. आहे ते सरळ होईल असं नाही, पुढे वळणं थांबेल अशी आशा. नाही थांबलं तर चाकू.

मी विचारलं, सहा महिन्यांपूर्वी आणली असती तर? ते म्हणाले, तेव्हा वळण कमी असणार. सहा महिन्यांपूर्वी आम्ही तिला ऊस खायला घालत होतो, आई.

साचा चढवला तेव्हा ती रडली नाही. शाळेत बेंचवर बसता येईल का, एवढं विचारलं. किरागु रडला.

एक गोष्ट विचारायची आहे आणि विचारायचं धाडस होत नाही. माझा धाकटा. दूध तोडल्यावर मी त्याला तुमच्याकडे पाठवला, कारखान्यात सुट्टी मिळत नव्हती म्हणून. तुम्ही त्याला दोन वर्षं त्याच पाठीवर बांधलंत. त्याला कारिथी म्हणून हाक मारत होतात. मी हे कसं करवलं तुमच्याकडून?

तुमची,
गाथोनी


करातिना,
३१ ऑगस्ट १९८६

प्रिय वहिनी,

आईला तुझं पत्र तीनदा वाचून दाखवलं. ती म्हणते, उत्तर छोटं लिही, तिला कामं असतात.

पहिले दोन महिने तिने तुझ्या धाकट्याचं नाव घेतलं नाही. "ए बाळा" म्हणायची. तुझ्या लक्षात आलं नाही, कारण तू इथे नव्हतीस. मग एकदा नदीच्या वाटेवर पाठीची गाठ सुटली आणि तो घसरला. तिच्या तोंडून "कारिथी" असं निघालं, आणि तिने पाठ सरळ करून त्याला वर घेतला. ती म्हणते, त्या दिवसापासून ते नाव त्या पोराचं झालं. डिसेंबरात त्याला पाठव. पाठीवर घेणार नाही म्हणते, चालत ये म्हणावं.

मी मिस आकेयोंकडे रताळी घेऊन गेले होते. माफी मागायची होती, पण मी नुसतीच टोपली पुढे केली. त्यांनी मला चहा दिला आणि व्यायाम कसे करून घ्यायचे ते दाखवलं.

रोज सकाळी न्यागुथी साचा काढून बाकावर झोपते आणि मी तिचे पाय धरते. उजवीकडे पन्नासच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. डावीकडे काल सतरा झाले, आज एकोणीस. आई शेजारी उभी राहून मोजते आणि ओरडते, "वर, अजून वर, सरळ कर."

पोरगी सरळ होते, आणि आई अजूनही मागे वळून बघते, कुणी येतंय का.

वारिगिया